नाशिकच्या मांडवातील मतभेद

निवडणूक जवळ आली की आपल्याकडील राजकीय पक्षांत एक ठराविक विधी पार पडतो. इच्छुकांचे अर्ज घेतले जातात, मुलाखती होतात आणि अखेरीस उमेदवार ठरविण्याचे सर्वाधिकार पक्षश्रेष्ठींना देणारा एका ओळीचा ठराव टाळ्यांच्या गजरात संमत होतो. यालाच पक्षाची शिस्त म्हणण्याचा प्रघात पडला आहे. ही शिस्त कितपत टिकते, हे नाशिककरांना निराळे सांगावयास नको.

जानेवारी २०२३ मधील नाशिक पदवीधर मतदारसंघाची निवडणूक आठवावी. विधान परिषदेच्या या जागेसाठी काँग्रेसने विद्यमान आमदार डॉ. सुधीर तांबे यांची उमेदवारी जाहीर केली. अखेरच्या दिवशी त्यांनी अर्ज भरलाच नाही. त्यांचे चिरंजीव सत्यजीत तांबे यांनी मात्र अपक्ष म्हणून भरला. पुढे आरोप-प्रत्यारोप झाले, निलंबने झाली आणि अपक्ष उमेदवार निवडून आले. दोष कोणाचा, हा येथे प्रश्न नाही. परंतु पाच जिल्ह्यांतील ज्या शिक्षक, कारकून आदी पदवीधरांच्या मतांवर ही जागा ठरावयाची, त्यांच्यासमोर पक्षातील मतभेद उघड झाला तो अर्जाची मुदत संपताना. तो तत्त्वाचा होता की केवळ जागेचा, हे पारखण्याची संधी पक्षाच्या सामान्य सभासदालाही मिळाली नाही.

याच नाशिकने वेगळे दृश्यही पाहिले आहे. सप्टेंबर १९५० मध्ये येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. त्याआधी ऑगस्टमध्ये पक्षाच्या अध्यक्षपदासाठी पुरुषोत्तमदास टंडन, आचार्य कृपलानी आणि महाराष्ट्रातील शंकरराव देव अशी तिरंगी लढत झाली होती. सरदार पटेलांचा पाठिंबा टंडनांना होता. पंतप्रधान नेहरूंनी टंडनांना पत्र लिहून आपला विरोध कळविला होता. टंडनांना १,३०६, कृपलानींना १,०९२ आणि देवांना २०२ मते पडली. निम्म्यांहून अवघी सहा मते अधिक मिळवून टंडन विजयी झाले आणि नाशिकला अध्यक्षस्थानी बसले. त्याच अधिवेशनात नेहरूंनी, फाळणीनंतरच्या कटुतेतही जातीय सलोख्याचे धोरण सोडता येणार नाही, असा आग्रह धरून तसा ठराव प्रतिनिधींकडून संमत करून घेतला. अध्यक्ष नेहरूंना नको असलेले, ठराव नेहरूंना हवा असलेला. पण दोन्ही गोष्टी प्रतिनिधींच्या मतांनी ठरल्या. व्यक्तींच्या वादामागे राज्य कोणत्या तत्त्वावर चालावे हा प्रश्न आहे, हे देशाला कळले.

यावर कोणी म्हणेल की, पुढे काय झाले? १९५१ मध्ये कृपलानींनी पक्ष सोडून किसान मजदूर प्रजा पक्ष काढला. त्याच वर्षी टंडनांनाही राजीनामा द्यावा लागून अध्यक्षपद नेहरूंकडे आले. आक्षेप खरा आहे. खुली निवडणूक ही ऐक्याची हमी नव्हे, आणि लागलेला निकाल मानण्याची सवय नसेल तर मतदानही अपुरे पडते. तथापि ही फूट कारणांसह, लोकांच्या डोळ्यांदेखत पडली. कोण कोठे व कशासाठी उभा आहे, हे पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपूर्वीच मतदाराला ठाऊक झाले होते.

उमेदवारच मतदानाने निवडण्याचा प्रयोगही आपल्याकडे झालेला आहे. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीपूर्वी काँग्रेसने, अमेरिकेतील पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकीच्या धर्तीवर, मोजक्या मतदारसंघांत असे मतदान घेतले. महाराष्ट्रात वर्धा आणि लातूर येथे ते झाले. दोन्ही उमेदवार पुढे पराभूत झाले आणि प्रयोग मागे पडला. परंतु त्या वर्षी राज्यातील ४८ पैकी काँग्रेसला दोनच जागा मिळाल्या होत्या, म्हणजे श्रेष्ठींनी निवडलेले उमेदवारही बहुतेक पडलेच होते. श्रेष्ठींची पद्धत मात्र त्यामुळे कोणी रद्द केली नाही.

पक्षांतरबंदीच्या १९८५ च्या कायद्याकडे बोट दाखवून चालणार नाही. तो निवडून आलेल्या सदस्यांसाठी आहे. उमेदवार ठरविणाऱ्या बैठकीत सामान्य सभासदाने तोंड उघडण्यास त्याने मनाई केलेली नाही. इच्छुकांनी सभासदांपुढे उभे राहून आपली मते मांडावीत, गुप्त मतदान व्हावे, आकडे जाहीर व्हावेत आणि हरलेल्याने निकाल मानावा, एवढे करण्यास नवा कायदा लागत नाही. वर्गाचा प्रतिनिधी निवडतानाही आपण मुलांना मते मोजावयास शिकवितो. आपल्याच सभासदांची मते मोजण्यास जो पक्ष कचरतो, त्याला ती पुढे बंडखोराच्या पेटीत मोजावी लागतात.