पाणी राखा, मासे राहतील

शेतकीच्या मासिकांत शोभेच्या माशांची चर्चा कशाला, असा प्रश्न कांहीं वाचक करतील. कापूस, ऊस, तूर यांचे प्रश्न थोडे आहेत काय, कीं आम्हीं कांचेच्या टाकीकडे वळावें? प्रश्न रास्त आहे. परंतु आज केवळ शहरांतच नव्हे, तर वाडीवस्तीवरील घरांतहि ही टाकी जाऊन पोंचली आहे. मुलें हट्ट धरतात, वडील बाजारांतून कांचेचा एक गोल हंडा व चार सोनेरी मासे घेऊन येतात, आणि पंधरवडा उलटतो न उलटतो तोंच हंडा रिकामा होतो. मग पुनः चार मासे येतात व तेहि त्याच वाटेनें जातात. ज्या घरांत गाय अडली तर सारीं माणसें रात्र जागून काढतात, त्या घरांत मुके जीव असे एकामागून एक मरावेत आणि त्याचें कोणास कांहीं वाटूं नये, ही गोष्ट आम्हांस शोभणारी वाटत नाहीं. मेलेल्या जिवाच्या जागीं बाजारांतून दुसरा आणतां येतो, एवढाच धडा मूल त्यांतून शिकतें.

आमचें स्पष्ट मत असें आहे कीं, हे मासे बहुधा रोगानें मरत नाहींत व नशिबानें तर नाहींच; ते पाण्यानें मरतात. मासे पाळणें म्हणजे पाणी पाळणें होय. ही विद्या शेतकऱ्यास नवी नाहीं. ज्यास आपली जमीन कळते त्यास ती अर्धी येतेच. नत्राचें जें चक्र शेतांत चालतें, तेंच टाकींत चालतें.

या दोन गोष्टींचा संबंध एका घराण्याच्या इतिहासांतहि दिसून येतो. लंडन येथील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनीं सन १८५० मध्यें तेथील केमिकल सोसायटीपुढें आपला एक प्रयोग मांडला. सुमारे १२ गॅलनांच्या कांचेच्या भांड्यांत त्यांनीं दोन लहान सोनेरी मासे ठेविले व व्हॅलिस्नेरिया नांवाची, फितीसारख्या पानांची पाणवनस्पति लाविली. कुजक्या पानांनीं पाणी गढूळ होऊं लागलें तेव्हां तीं पानें खाण्यास गोगलगाई सोडल्या, आणि पाणी निवळलें. याच रॉबर्ट नांवाचा त्यांचा मुलगा पुढें इंग्लंडांतील रोथमस्टेड येथील सुप्रसिद्ध शेतकी प्रयोगक्षेत्रांत दाखल झाला आणि जमिनींतील अमोनियाचें नायट्रेट कसें होतें याचा त्यानें अनेक वर्षें अभ्यास केला. बापानें माशांच्या टाकीचा तोल दाखविला. मुलानें शेताच्या मातींतील नत्राचा हिशेब लाविला. दोघांचा विषय मुळांत एकच होता, असें आतां आपणांस म्हणतां येतें.

तो विषय असा. मासा अमोनिया बाहेर टाकतो, व त्याचा मोठा भाग कल्ल्यांवाटे जातो. न खाल्लेलें अन्न व कुजकीं पानें यांतूनहि अमोनिया निघतो. हें माशाला विष आहे. एका जातीचे जंतु अमोनियाचें नायट्राइट करतात, हेंहि विषच. दुसऱ्या जातीचे जंतु नायट्राइटचें नायट्रेट करतात, व तें मासे पुष्कळ प्रमाणांत सहन करतात. शेतांत युरिया टाकल्यावर पिकाच्या मुळाशीं हेंच घडतें. सन १८७७ मध्यें श्लोसिंग व म्यूंझ या फ्रेंच शास्त्रज्ञांनीं वाळू व चुनखडी भरलेल्या नळींतून गटाराचें पाणी हळूहळू झिरपत ठेविलें. सुमारे वीस दिवस अमोनिया जसाच्या तसा बाहेर पडत राहिला. नंतर एकाएकीं नायट्रेट दिसूं लागलें. क्लोरोफॉर्मची वाफ सोडतांच काम बंद पडलें. सुपीक मातीचें धुवण घालतांच तें पुनः सुरू झालें. हें काम सजीवांचें आहे, हें त्यावरून ठरलें, आणि सन १८९० मध्यें विनोग्राड्स्की यांनीं ते जंतु वेगळे करून दाखविले.

वरील प्रयोगांतील ते वीस दिवस वाचकांनीं ध्यानांत ठेवावेत. नव्या टाकींत हे जंतु नसतात. ते कांच, वाळू व फिल्टरचा स्पंज यांवर वस्ती करून कामास लागेपर्यंत तीन ते सहा आठवडे जातात. आपण मात्र ज्या दिवशीं टाकी आणतों त्याच दिवशीं तींत डझनभर मासे सोडतों. नांगरट नाहीं, वाफसा नाहीं आणि पेरणी झाली, अशांतला हा प्रकार आहे. शहाण्यानें आधीं टाकी भरून, वाळू व वनस्पति घालून, फिल्टर चालू करावा. ओळखीच्या घरीं निरोगी व जुनी टाकी असल्यास तेथील वापरांतल्या स्पंजाचा तुकडा आणून आपल्या फिल्टरमध्यें ठेवावा. दुधास विरजण लावतात त्यांतलाच हा प्रकार समजावा. मग दोन-तीन मासे सोडून, पाण्यावर लक्ष ठेवीत, बाकीचे पुढील आठवड्यांत थोडेथोडे वाढवावेत. अमोनिया व नायट्राइट तपासण्याचे संच बाजारांत मिळतात. माती परीक्षण करून घेणाऱ्या शेतकऱ्यास त्यांचें महत्त्व सांगावयास नको.

आपल्याकडील पाणी व हवा यांमुळें एक विशेष सावधगिरी लागते. दख्खनच्या काळ्या दगडांतील विहिरींचें पाणी बहुधा जड व अल्कधर्मी असतें. चुनखडीच्या जमिनीवर युरिया उघडा टाकला तर नत्र हवेंत उडून जातें, हें आपण जाणतां. टाकींतहि तोच न्याय लागू पडतो. पाण्याचा सामू ७ असेल तर एकंदर अमोनियापैकीं विषारी मुक्त अमोनियाचा अंश शेंकडा एकाहून कमी असतो. सामू ८ झाला कीं तोच अंश सुमारे शेंकडा पांचांवर जातो. म्हणजे जी चूक मऊ पाण्यांत खपून जाईल, ती आपल्या विहिरीच्या पाण्यांत जीव घेईल. शिवाय २० अंश उष्णतेच्या पाण्यांत लिटरमागें सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायु मावतो, तर ३० अंशांच्या पाण्यांत साडेसातच. वैशाखांत मासे पृष्ठभागीं येऊन तोंड उघडमीट करूं लागले, तर ते भुकेले आहेत असें समजून दाणे टाकणें हा शुद्ध अविचार होय. ते श्वासासाठीं धडपडत असतात.

वास्तविक माशांचा घात निष्काळजीपणापेक्षां मायेनेंच अधिक होतो. पहिली माया अन्नाची. माशास अंग उबदार ठेवण्यासाठीं अन्न जाळावें लागत नाहीं. निरोगी मोठा मासा दोन-चार दिवस सहज उपाशी राहतो. दोन मिनिटांत संपेल तेवढेंच अन्न, दिवसांतून एकदां, पुरे आहे. घरांतील प्रत्येकानें येतां जातां चिमूट टाकणें बंद झालें पाहिजे. हें काम एकाच मुलाकडे सोंपवावें. दुसरी माया स्वच्छतेची. दर रविवारीं सर्व पाणी फेंकून, वाळू धुवून, स्पंज नळाखालीं पिळून टाकी लख्ख करणारे गृहस्थ आम्हीं पुष्कळ पाहिले आहेत. ते दर आठवड्यास जंतूंची वस्ती उठवितात आणि मासे कां मरतात म्हणून विचारतात! आठवड्यास चौथाई पाणी काढावें व त्याच उष्णतेचें नवें घालावें. स्पंज काढलेल्या पाण्यांतच हलका पिळावा. औषध किंवा मीठ घातलेलें नसेल, तर तें काढलेलें पाणी तुळशीस किंवा परसांतील भाजीस द्यावें. त्यांत नायट्रेट आहे, म्हणजे तें खतच आहे.

नवें पाणी घालतांनाहि विचार पाहिजे. ग्रामपंचायतीनें विहिरींत टीसीएल टाकलें असेल त्या दिवशींचें पाणी घेऊं नये. नळाचें पाणी पसरट भांड्यांत दिवसभर उघडें ठेवून मग वापरावें. कूपनलिकेच्या ताज्या पाण्यांत प्राणवायु कमी असतो, म्हणून तेंहि उंचावरून ओतून खेळवून घ्यावें. आणि फवारणीची बादली टाकीपाशीं कदापि येऊं देऊं नये. सायपरमेथ्रिनसारखीं कीटकनाशकें लिटरमागें कांहीं मायक्रोग्रॅम इतक्या प्रमाणांतहि माशांस मारूं शकतात. फवारणी करून आलेल्यानें स्नान केल्याखेरीज टाकींत हात घालूं नये. खरें म्हणजे त्यानें घरांतील लेकरांसहि हात लावूं नये.

इतकें करूनहि रोग येईल, नाहीं असें नाहीं. पण दिसला डाग कीं ओतलें औषध, ही रीत शेतांत जितकी घातक तितकीच टाकींतहि. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके येतात तो रोग एका सूक्ष्म परोपजीवी प्राण्याचा आहे. तो माशाच्या कातडीखालीं असतो तोंवर औषध त्याला लागत नाहीं. बोंडांत शिरलेल्या गुलाबी अळीला फवारा लागत नाहीं, तसेंच हें. तो गळून तळाशीं जातो, तेथें त्याचीं शेंकडों पिलें होतात, व तीं पोहत नवा मासा शोधूं लागतात तेव्हांच तीं मारतां येतात. म्हणून हा उपचार एकदां करून भागत नाहीं, ठरल्या मुदतीपर्यंत चालू ठेवावा लागतो. याहून बरें तें रोग घरांत न आणणें. बाजारांतून आणलेला बैल आपण लाळ्याखुरकुताच्या भयानें कांहीं दिवस गोठ्याबाहेर बांधतों. नवा मासाहि तीन-चार आठवडे वेगळ्या भांड्यांत ठेवावा.

एवढा खटाटोप करावयाचा तर गोल हंडाच काय वाईट, असें कोणी म्हणेल. उलट खटाटोप लहान भांड्यालाच अधिक लागतो. थोड्या पाण्यांत विष लवकर वाढतें व उष्णताहि लवकर चढते. सोनेरी मासा नीट वाढला तर वीतभर होतो व दहा वर्षांहून अधिक जगतो. दोघांस निदान शंभर लिटर पाणी द्यावें. मोठी टाकी, थोडे मासे व भरपूर वनस्पति असतील तर भारनियमनांत फिल्टर कांहीं तास थांबला तरी अनर्थ होत नाहीं. दाटीनें भरलेल्या टाकींत तेवढ्यांतच सारे मासे तळास जातात.

अखेरची गोष्ट टाकीबाहेरची, पण शेतकऱ्याच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाची. कंटाळा आला म्हणजे लोक मासे विहिरींत, ओढ्यांत किंवा शेततळ्यांत सोडून देतात व पुण्य केलें असें मानतात. हें पुण्य नव्हे. टाकी साफ करणारा म्हणून विकला जाणारा दक्षिण अमेरिकेंतील सकर मासा आज उजनीच्या जलाशयांत मच्छीमारांच्या जाळ्यांत येऊं लागला आहे. त्याच्या कांट्यांनीं जाळीं फाटतात, त्याला कोणी गिऱ्हाईक नाहीं, आणि तो कांठांच्या मातींत बिळें करतो. ज्याच्या बांधांत उंदरांनीं बिळें केलीं आहेत त्यास याचा अर्थ समजावून सांगावयास नको. नको झालेला मासा विक्रेत्यास परत द्यावा किंवा दुसऱ्या शौकिनास द्यावा. वाहत्या किंवा सांठलेल्या पाण्यांत सोडूं नये.

विक्रेत्यास दोष देऊन हा प्रश्न सुटणार नाहीं. तो हंडा व मासे एकाच दिवशीं विकतो, कारण आपण तसे मागतों. आमच्या सभासदांनीं मुलांचा हट्ट पुरवावा, परंतु पहिल्या दिवशीं फक्त टाकी आणावी. महिनाभर मुलांना पाणी तपासूं द्यावें, अमोनिया चढतांना व उतरतांना पाहूं द्यावा, वहींत आंकडे मांडूं द्यावेत. त्या महिन्यांत शेतांतील नत्राचें जें ज्ञान त्यांना होईल तें नुसत्या पुस्तकांतून होणें कठीण. मासे त्यानंतर आणावेत. आणि महिनाभर थांबण्याइतका धीर ज्या घरांत नाहीं, त्या घरानें मासे आणूंच नयेत, असें आमचें मत आहे.