विश्लेषण : शस्त्राइतकीच त्याची पुस्तिका महत्त्वाची का?

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. जवाहरनगरची ऑर्डनन्स फॅक्टरी भंडाऱ्याकडे राहिली. १९६४ पासूनच्या या कारखान्यात २४ जानेवारी २०२५ रोजी झालेल्या स्फोटात किमान आठ कामगारांचा जीव गेला आणि स्फोटकांचे काम किती जोखमीचे आहे, याची आठवण साऱ्या पूर्व विदर्भाला झाली. हे काम अंदाजाने होत नाही. बनवणे, वापरणे, साठवणे, दुरुस्त करणे, नष्ट करणे या प्रत्येक टप्प्यासाठी लेखी कार्यपद्धती लागते. तोफ, रॉकेट किंवा ड्रोन लष्कराच्या स्वाधीन होताना छायाचित्रे निघतात. सोबत जाणाऱ्या पुस्तिकांकडे मात्र कोणाचे लक्ष नसते.

पुस्तिकेत असते काय?

खरे तर ती एक पुस्तिका नसते, संच असतो. वापरणाऱ्या जवानासाठी हँडबुक वेगळे आणि ईएमईच्या कारागिरासाठी तांत्रिक पुस्तिका वेगळी. सुट्या भागांची सचित्र यादी निराळी असते आणि त्यात प्रत्येक भागाला क्रमांक असतो. युनिटमध्ये काय दुरुस्त करायचे आणि काय थेट बेस वर्कशॉपला पाठवायचे, हेही त्यात ठरलेले असते.

नागपूरच्या इकॉनॉमिक एक्स्प्लोझिव्हज या कंपनीने बनवलेला मल्टिमोड हातबॉम्ब घ्या. चंडीगडच्या टीबीआरएल या डीआरडीओच्या प्रयोगशाळेने त्याची रचना केली आणि ऑगस्ट २०२१ मध्ये तो लष्कराला सुपूर्द झाला. आवरण चढवले की त्याचे तुकडे दूरवर उडतात, म्हणून फेकणाऱ्याने आडोशाला असावे लागते. आवरण काढले की तोच बॉम्ब चाल करून जाताना वापरता येतो. वस्तू एकच, पण वागणूक दोन प्रकारची. हा फरक हँडबुकात पहिल्या नजरेत दिसला नाही, तर धोका शत्रूला कमी आणि फेकणाऱ्यालाच जास्त.

पुस्तिका नसेल तर?

सर्वांत कटू उदाहरण अमेरिकेचे. व्हिएतनाम युद्धात एम-१६ रायफली सैनिकांच्या हाती पडल्या, तेव्हा अनेकांना साफसफाईचे साहित्य मिळालेच नव्हते. या रायफलला फारशी सफाई लागत नाही, असा समज पसरला होता. त्यातच काडतुसातील दारूही बदलली होती. ऐन चकमकीत रायफली अडकल्या, सैनिक मेले. अमेरिकी काँग्रेसच्या समितीने चौकशी केली. नंतर रायफलीत सुधारणा झाल्या, नळीच्या आत क्रोमचा मुलामा आला आणि १९६८ मध्ये एक चित्रपुस्तिकाही आली. ती काढली होती विल आयस्नर या नामवंत कॉमिक चित्रकाराने. गंभीर लष्करी विषय आणि कॉमिक, यावर नाके मुरडली गेली असतील. पण जाडजूड ग्रंथ पेटीत पडून राहतो आणि कॉमिक खिशात जाते.

भारताचा अनुभव वेगळा, पण महागच. टी-९० रणगाड्यांचा करार २००१ चा. तंत्रज्ञान हस्तांतराची कागदपत्रे रशियन भाषेत होती. त्यांच्या इंग्रजी भाषांतरात वर्षे गेली आणि उत्पादन लांबल्याची नोंद ‘कॅग’ने केली. आवडीच्या कारखान्यातून देशात बनलेले पहिले दहा रणगाडे लष्कराला मिळाले, ते ऑगस्ट २००९ मध्ये.

हजारो पाने लावतात कशी?

पूर्वी जाड फाइल आणि त्यात चिकटवलेल्या दुरुस्त्या असत. एक नट बदलला तर दहा पुस्तिकांतली पाने बदलायची आणि एखादे राहून गेले की घोटाळा. यावर युरोपच्या विमान उद्योगाने १९८० च्या दशकात ‘एस-१००० डी’ ही पद्धत काढली. इथे पुस्तकाऐवजी माहितीचे छोटे तुकडे लिहितात. प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र संकेतांक असतो, जसा शेताला गट क्रमांक. सातबारा एकच, उतारे हवे तितके. दुरुस्ती एका जागी केली की त्या तुकड्यातून तयार होणाऱ्या सर्व पुस्तिकांत ती जाते.

क्रमांकांची ही शिस्त नागरी विमानांतही आहे. बिरसी विमानतळावर उतरणारे प्रवासी विमान कोणत्याही कंपनीचे असो, त्याच्या देखभाल पुस्तिकेचे ३२ वे प्रकरण चाकांच्या यंत्रणेचेच असते. तंत्रज्ञाला शोधत बसावे लागत नाही.

भारतीय सैन्यदलांचीही तांत्रिक पुस्तिकांसाठी संयुक्त मार्गदर्शिका आहे. आता कागदाऐवजी पडद्यावर चालणाऱ्या संवादी पुस्तिका मागितल्या जातात. बिघाडाचे लक्षण निवडले की पुढची पायरी समोर येते. पुरवठादारासाठी हे वेगळे काम होऊन बसते. उपकरण बनवणारा अभियंता ते चांगले समजावून सांगेलच असे नाही, बहुधा नाहीच.

वाचणारा कोण, भाषा कोणती?

विमान उद्योगाने इंग्रजीलाही लगाम घातला आहे. ‘सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश’मध्ये साधारण नऊशे मंजूर शब्द आहेत आणि सूचनेचे वाक्य वीस शब्दांपेक्षा लांब चालत नाही. धोक्याचा इशारा कृतीच्या आधी द्यायचा, नंतर नाही. ‘झाकण उघडा, त्याआधी वीज बंद करा’ हे वाक्य व्याकरणात बरोबर असले तरी जीवघेणे आहे.

मराठीपुरता प्रश्न इथेच टोकदार होतो. संरक्षण मंत्रालयाचे ‘सैनिक समाचार’ मराठीतही निघते; यंत्राची पुस्तिका मात्र प्रामुख्याने इंग्रजीत असते. जवान प्रशिक्षणात हिंदी आणि इंग्रजी संज्ञा शिकतो, त्याचे भागते. कंत्राटी मजुराचे काय? पुलगावच्या दारूगोळा भांडाराजवळ २० नोव्हेंबर २०१८ रोजी जुना दारूगोळा नष्ट करताना स्फोट झाला. सहा जण गेले, त्यांतले बहुतेक आसपासच्या गावांतले मजूर. पेटी उचलणाऱ्यापर्यंत सूचना पोहोचायची तर ती त्याच्या भाषेत, चित्रासह आणि पेटीवरच हवी.

पुस्तिका मंजूर करण्यापूर्वी ती प्रत्यक्ष वापरून तपासायची असते. लिहिणाऱ्याने बाजूला उभे राहायचे आणि उपकरण कधी न हाताळलेल्या माणसाने फक्त वाचून काम करून दाखवायचे. या तपासणीत अभियंत्याला बसवले, तर न लिहिलेलेही तो स्वतःच्या ज्ञानाने भरून काढतो. देवरी किंवा सालेकसाच्या आयटीआयमधून नुकताच बाहेर पडलेला मुलगा जिथे अडखळेल, तिथेच पान पुन्हा लिहावे लागते.