चेंडूविना सराव

गोल्फचा स्विंग सुधारायचा तर सरावाच्या रेंजवर चेंडूंच्या टोपल्या रिकाम्या कराव्याच लागतात, ही समजूत सोडायला हवी. क्लब चेंडूला भिडतो तो जेमतेम अर्धा मिलिसेकंद. तेवढ्यात कुणालाच काही दुरुस्त करता येत नाही. चेंडूची दिशा पकड, उभे राहण्याची ढब आणि खांद्यांचे वळण यांनी आधीच बरीचशी ठरवलेली असते, आणि हे सारे घरी आरशासमोर सावकाश घोटता येते. गोल्फपटू बेन होगन यांच्या १९५७ च्या ‘फाइव्ह लेसन्स’ या पुस्तकातला पहिला धडाच पकडीचा आहे.

चेंडू उडताना दिसलाच नाही तर चूक कळणार कशी, हा आक्षेप रास्त आहे. पण रेंजवर चेंडू योगायोगाने सरळ गेला की सदोष स्विंगही खपून जातो. उजव्या हाताने खेळणाऱ्याचे बॅकस्विंगच्या, म्हणजे क्लब मागे नेण्याच्या, टोकाला वाकलेले डावे मनगट आरसा लगेच दाखवतो. पडताळणीसाठी मैदान हवेच. सवय मात्र घरीच मुरते.