प्रसूतिगृहातील अवमान

बाळंतपणाच्या खोलीत काय घडते हे चारचौघांत बोलू नये, असा आपल्याकडील जुना संकेत. तो आता स्त्रियांनीच मोडला आहे, आणि मोडला हे योग्यच झाले असे आम्हांस वाटते. रुग्णालयांनी आपल्याकडील सिझेरियनचे प्रमाण जाहीर करावे, ही मागणी मुंबईच्या सुवर्णा घोष यांनी इंटरनेटवरून केली. २०१७ साली तिजवर लाखाहून अधिक सह्या जमल्या आणि तत्कालीन केंद्रीय मंत्री मेनका गांधी यांना तिची दखल घ्यावी लागली.

परंतु सह्या करणारी स्त्री शहरातील, शिकलेली. चोपडा, यावल वा शिरपूर तालुक्यांत सातपुड्याच्या पायथ्याकडून कळा सोसत येणाऱ्या पावरा स्त्रीचे काय? तिची बोली निराळी, सोबतची सासू दाराबाहेर. आत कोणी खेकसले, प्रसंगी हात उगारला, तरी दाद कोठे मागावी हे तिला ठाऊक नसते. अशा वेळी जी वाक्ये ऐकविली जातात ती या स्तंभात छापण्याजोगी नाहीत. वाचकांनी ती आपल्या घरच्या स्त्रियांस विचारून पाहावीत.

नवल असे की, नियमांची वाण नाही. सरकारी रुग्णालयांत प्रसूतीसमयी एक स्त्री सोबत ठेवण्याची मुभा केंद्र सरकारने २०१६ सालीच दिली. २०१७ च्या अखेरीस 'लक्ष्य' कार्यक्रमाने सन्मानाची वागणूक हा प्रसूतिकक्षाच्या कसोटीचाच भाग केला. उणीव आहे ती अन्यत्र. २००५-०६ मध्ये देशात शंभरांपैकी सुमारे ३९ प्रसूती दवाखान्यांत होत. २०१९-२१ मध्ये त्या ८९ वर गेल्या. बाळंतिणींना आपण घरातून दवाखान्यात आणले खरे, पण त्या मानाने परिचारिका वाढविल्या काय? रात्रपाळीस एकटीनेच अनेकींकडे पाहावयाचे तर जीभ सुटते, हे आम्ही जाणतो. मात्र ओळखीच्या घरची स्त्री आली की तीच जीभ मऊ होते, हेही आम्ही पाहिले आहे. तेव्हा सारा दोष कामाच्या भाराचा नव्हे.

धुळ्यास आधीपासून व जळगावास २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. उद्याचे डॉक्टर तेथे वडीलधाऱ्यांचे पाहूनच वागावयास शिकतात. सोबतिणीचा नियम प्रत्येक प्रसूतिकक्षाच्या दारावर मराठीत व अहिराणीत लावावा, पावरी जाणणारी एक आशा कार्यकर्ती जवळ असावी, आणि किती जणींना सोबत मिळाली याचा आकडा दोन्ही जिल्हा परिषदांनी दरमहा प्रसिद्ध करावा. तो छापण्यास आमची जागा मोकळी आहे.