विठ्ठल यांना डावलणारे आपणच होतो

क्रिकेटचा विषय निघाला की आपली घरे सचिनच्या शतकांनी दुमदुमतात. ते यथोचितच. पण पालवणकर विठ्ठल कोण, हे त्याच घरांतील मुलांना विचारून पाहावे.

मुंबईच्या चौरंगी सामन्यांत हिंदू संघाकडून खेळणारा हा नामवंत फलंदाज चर्मकार समाजातला. थोरले बंधू बाळू आपल्या गोलंदाजीने गोऱ्या साहेबांची दाणादाण उडवीत. आणि पुण्यात त्यांना चहा मिळे तो मंडपाबाहेर, मातीच्या भांड्यातून! बाळूंच्या हातचा चेंडू विटाळत नव्हता, कप तेवढा विटाळत होता. १९२० साली नियोजित कर्णधार पै आजारी पडले, तेव्हा विठ्ठल यांना डावलून धुरा देवधरांकडे सोपविली गेली. विठ्ठल आणि शिवराम या बंधूंनी बाणेदारपणे संघातून माघार घेतली. फूट पाडली ती त्यांनी नव्हे, डावलणाऱ्यांनी. अखेर १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदू संघाने युरोपियनांना धूळ चारली.

हिंदू समाज बदलूच शकत नाही, असा घोष करणाऱ्या पुरोगामी पंडितांना १९२३ दिसत नाही. समरसतेवर व्याख्याने झोडणाऱ्या आपल्यातील काहींना १९२० आठवत नाही. विठ्ठल यांचे मराठी आत्मचरित्र ‘माझे क्रीडा-जीवन’ १९४८ सालचे. आपल्या गावच्या वाचनालयात त्याची प्रत आहे का, हे कार्यकर्त्यांनी येत्या रविवारी पाहून यावे.