साली फेकल्या काय?

काटोलच्या काकूची संत्र्यांची पेटी दरवर्षी मार्चच्या सुरुवातीला पुण्यात पोचते. मृग बहाराची फळं, साल सैल, गोडीला पक्की. पहिले चार दिवस घरी येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात दोन-दोन संत्री कोंबायची. पाचव्या दिवशी खालच्या थरातल्या साली सुरकुतायला लागतात आणि मग घरातले सगळे माझ्याकडे बघतात. यंदा मी जाहीर केलं, सॉर्बे करणार. मसाला घालून.

सॉर्बे म्हणजे गोठवलेलं सरबत, दुसरं काही नाही. शब्दही आपल्या ओळखीचाच. शरबत तुर्कांकडून इटलीत गेलं, तिथलं सोर्बेत्तो फ्रेंचांनी सॉर्बे केलं, आणि आता ते हॉटेलच्या मेनूकार्डावर भलत्याच किमतीला आपल्याकडे परत आलंय.

पहिला घाणा मिक्सरमध्ये काढला. फोडी बियांसकट फिरवल्या, गाळल्या, चाखलं तर अमृत. भांडं रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलं. सकाळी चमचाभर तोंडात घातला आणि थेट बेसिन गाठलं. कडूजहर! काकूला फोन लावला.

“बियाबी फिरवल्या काय वं?”

“हो.”

“मंग!”

त्या एका ‘मंग’मध्ये सगळं आलं. बियांत आणि फोडींच्या पापुद्र्यांत एक द्रव्य असतं, ते स्वतः कडू नसतं. पण रसाच्या आंबटात मिसळलं की हळूहळू त्याचं लिमोनिन होतं, आणि लिमोनिन मात्र भयंकर कडू. त्यामुळे ताजा रस गोड लागतो आणि दगा नंतर देतो. नागपुरी संत्र्याचा रस टिकवून विकू पाहणाऱ्यांची जुनी डोकेदुखी हीच आहे. तेव्हा संत्रं आडवं कापायचं, हातानेच पिळायचं, तेही फार जोर न लावता, आणि रस लगेच गाळून घ्यायचा.

दुसऱ्या खेपेला रस झकास झाला, पण तब्येतीच्या नावाखाली मी साखर निम्मी केली. फ्रीजरमधून निघाली ती वीट. सुरीही शिरेना. साखर नुसती गोडीला नसते. साखरेमुळे पाणी उशिरा गोठतं, सगळं एकदम बर्फ होत नाही, म्हणून चमचा आत जातो. शिवाय गारठ्यात जिभेला गोडी कमी कळते. मिश्रण कोमट असताना ‘बाई गं, किती गोड’ असं वाटलं पाहिजे. मसाल्याचंही तसंच, तो कोमटपणी जरा आगाऊच लागायला हवा.

तिसऱ्यांदा पंधरा-सोळा संत्र्यांचा पाऊण लिटर रस निघाला. सव्वादोनशे ग्रॅम साखर वाटीभर पाण्यात उकळली. त्यात बोटभर दालचिनी, चार लवंगा, दहा-बारा ठेचलेले मिरे आणि आल्याचा तुकडा टाकून झाकून ठेवलं. दोन संत्र्यांच्या सालीचा फक्त वरचा नारिंगी भाग किसून घातला. खालचा पांढरा भाग लागला की पुन्हा कडवटपणा आलाच. वेलदोडा मी मुद्दाम टाळला. तो पडला की कुठलाही पदार्थ श्रीखंडाच्या पंगतीत जाऊन बसतो. पाक निवल्यावर गाळला, रसात मिसळला, एक लिंबू पिळलं, चिमूटभर मीठ टाकलं.

मग माळ्यावरून आईस्क्रीमचा पॉट उतरवला. लाकडी बादली, मधे डबा, वर दांडा. वीस वर्षांत कुणी हात लावला नव्हता. डब्याभोवती तीन थर बर्फाला एक थर खडेमीठ. मिठामुळे बर्फ शून्याखालीही वितळतो, आणि वितळायला लागणारी उष्णता डब्यातून ओढून घेतो. मिठाचं पाणी शून्याखाली एकवीस अंशांपर्यंत पातळ राहू शकतं, बिचाऱ्या रसाला तेवढा दम कुठला?

दांडा आधी भाच्याने फिरवला, मग नवऱ्याने, मग ‘फक्त बघायला’ आलेल्या शेजारच्या आजोबांनी, आणि सगळ्यांत जास्त वेळ त्यांनीच. फिरवत राहिलं की बर्फाचे खडे मोठे होत नाहीत, बारीक रवाळ राहतात. वीसेक मिनिटांनी दांडा हलेना. झाकण काढलं तर आत फिकट केशरी, ओल्या वाळूसारखं काहीतरी. जिभेवर आधी संत्रं विरघळलं, मग दालचिनी आली, आणि सगळं संपल्यावर घशात मिरे पोचले. आजोबा म्हणाले, “हे सर्दीवर चालेल.” आईस्क्रीम सर्दीवर!

काकूला फोटो पाठवला. दहा मिनिटांनी उत्तर आलं, “दिसते तं चांगलं. साली फेकल्या काय?”

साली गच्चीवर, जुन्या लुगड्यावर वाळत घातल्या होत्या. दिवाळीच्या उटण्याला.