बाधाचे नाव कोण सांगणार?

तळेगाव दाभाडे गावातून फिरवून आणणारा माहीतगार माणूस उमाबाई दाभाड्यांचे नाव घेतल्याशिवाय राहत नाही. १७३१ मध्ये डभईच्या लढाईत मुलगा त्रिंबकराव मारला गेला आणि सेनापतिपदाचा कारभार या विधवा बाईने हाती घेतला. सांगावे असेच आहे ते. पण मैत्रिणींनो, इतिहासात यायचे तर बाईने घोड्यावर बसूनच यावे लागते का?

तळेगावहून लोणावळ्याच्या लोकलने मळवलीला उतरले की समोर भाज्याची लेणी. बोरघाटाकडे जाणाऱ्या जुन्या व्यापारी वाटेवरची ही वस्ती इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकापासून खोदली गेली. बावीस लेणी, त्यांत राहण्याच्या खोल्या, झोपायचे दगडी ओटे, पाण्याची टाकी. भिक्खू निघून गेले आणि सगळे ओस पडले. आता शनिवार-रविवारी इथे गटागटाने ‘हेरिटेज वॉक’ येतात. चैत्याची कमान, थेरांचे चौदा स्तूप, रथातला सूर्य हे सगळे दाखवले जाते. मग नाचणारी बाई आणि तिच्याशेजारचा वादक. तिथे फोटो काढायला थांबतात. बाई दिसली ती एवढीच.

याच लेण्यांत एक छोटा शिलालेख आहे. बाधा नावाच्या बाईचे दान, ती हालिकाची म्हणजे नांगर हाकणाऱ्याची बायको. बस, इतकेच. ओळख नवऱ्यावरूनच दिली आहे, हे खरे. पण नवऱ्याचे नाव त्यात नाही! नाव आहे ते तिचे, आणि दानही तिचे. कष्टकऱ्याच्या घरातल्या बाईकडे स्वतःच्या नावाने देण्यासारखे काय होते? ते तिने कसे साठवले असेल? वॉकमध्ये चर्चा करायला याहून चांगला प्रश्न मला तरी सुचत नाही. शेजारी कार्ल्याला घुणिकाची आई, भिक्खुणी कोडी दान देते, बेडशाला महाभोजाची मुलगी सामडिनिका. त्यातली सामडिनिका मोठ्या घरची. बाधा आपल्यातली.

याच मावळात एक्स्प्रेसवे आला, बंगल्यांसाठी जमिनी विकल्या गेल्या. सातबाऱ्यावर जिचे नाव नव्हते तिला कोणी काही विचारले नाही. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क मिळाला, तरी भाऊ हक्कसोडपत्र पुढे करतो आणि माहेर तुटू नये म्हणून बहीण सही करते. हे आपल्या गटांतल्या बायकांना सांगायला नको. दोन हजार वर्षांपूर्वी नांगरकऱ्याच्या बायकोचे नाव दगडात कोरले गेले आणि आज तिच्या वंशातलीचे कागदावर चढत नाही. बाधाचे नाव वगळणाऱ्या वॉकमध्ये हे बोलणे निघणार तरी कसे?

जुलै २०२५ मध्ये शेजारचा लोहगड जागतिक वारसा यादीत गेला. पर्यटक वाढतील. पायथ्याच्या गावांतल्या बायका पिठलं-भाकरी आणि कणसे विकतील. त्यांनाच लेणी दाखवायचे शिक्षण का देऊ नये? पुरातत्त्व खात्याकडे आपण दोन मागण्या लेखी करू या: बाधाच्या लेखाचा मराठी अर्थ सांगणारी पाटी, आणि माहिती सांगण्याच्या कामात गावातल्या बायकांना पहिली संधी. तोवर गटाची पुढची सहल भाज्याला न्या, आणि येताना प्रत्येकीला घरचा सातबारा सोबत आणायला सांगा.